सारकीताचं दूध

कारखान्यात त्याला धोक्याचं दूध म्हणत. बॅटरीसाठी शिसं ओतणाऱ्या खात्यातल्या प्रत्येकाला शिशावर उतारा म्हणून ते रोज मिळे, जुन्या राजवटीपासून. पूर्वी हात धुऊन, खानावळीच्या फळीशी उभं राहून, पेल्यातूनच प्यावं लागे. मग नवे व्यवस्थापक येरलिक आले आणि त्यांनी आरोग्य महिना काढला. सकाळी अंगणात कवायत, भिंतीवर हसऱ्या कामगारांची चित्रं, आणि दूध बंद खोक्यांतून, पाळी सुटताना दारातच. रांगेत ताटकळणं गेलं म्हणून सगळे खूश झाले. दवाखान्यातली परिचारिका कामशात हिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याच खात्यातल्या बिकेन आपा आपलं खोकं कामाच्या डगल्याच्या खिशात घालून घरी नेत. नातू सायान तीन वर्षांचा. मेजवानीहून परतणारं माणूस पोरांसाठी घासभर काही बांधून आणतं, ते सारकीत. रिकाम्या हातांनी घरात शिरणं आजीला शोभत नाही. आपांना मेजवान्या कुठल्या? त्यांचा कारखानाच.

“तुम्ही स्वतः कधी पिणार?” कामशातने एकदा विचारलं होतं.

“मला मेलं दूध पचत नाही, पोरी. आणि म्हातारीला पाजून काय वासरू होणार आहे?”

दोघी एकाच जिन्यावर राहत. मार्चमधल्या एका रविवारी आपांनी तिला चहाला बोलावलं. सायान खिडकीशी बसून होता, रंग उतरलेला. समोर कणकेचे तळलेले गोळे, गरम बाउरसाक, ठेवले तर त्याने तोंड फिरवलं.

“महिना झाला, हे असंच. पोट दुखतं म्हणतो. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली. दिवसा याला बघायला येणारी खालची शेजारीण म्हणते, लाडावून ठेवलंयस.”

“त्याच्या आईला कळवलंत?”

“काय कळवू? परगावी राबतेय ती. तुझं पोर मला सांभाळवत नाही, असं कळवू?”

आपांनी दाराशी टांगलेल्या डगल्यातून रविवारसाठी राखलेलं खोकं काढलं. आता मात्र सायान उठला. खोक्याचा कोपरा दातांनी फाडून तो तसाच चोखू लागला. पांढऱ्या पुठ्ठ्यावर करडे ठसे होते. कामशातने खोक्याच्या बाजूवरून बोट फिरवलं, मग डगल्याच्या खिशात घालून पाहिलं. दोन्ही वेळा बोटाला तीच करडी धूळ.

“आपा, ते खोकं माझ्याकडे द्या.”

“अगं, पिऊ दे की. तेवढंच तर घेतो पोर.”

“म्हणूनच द्या.”

ती धूळ शिशाची आहे आणि पोराच्या पोटात जातेय, हे तिने सांगितलं ते आपांनी मान खाली घालून ऐकलं. मग त्या उठून नळाशी गेल्या आणि बराच वेळ हात धूत राहिल्या.

सायानच्या रक्तात शिसं निघालं. औषधं सुरू झाली. किती भरून येईल ते पोर वाढेल तसं कळेल, एवढंच डॉक्टर म्हणाले. आपांनी कामशातकडून शब्द घेतला, कोणाला सांगायचं नाही. नातवाला विष पाजणारी म्हणून लोक बोट दाखवतील.

कामशात येरलिकांकडे गेली. “खोकी बंद करा. पेले परत आणा, आणि त्याआधी साबण. डगले इथेच राहू द्या.”

“लोकांना खोकी आवडलीत. कारण काय सांगू?”

“खोक्यांवरून शिशाची धूळ घरोघर जातेय. पोरांच्या तोंडी.”

“कोणाच्या पोराच्या?”

तिने आपांना शब्द दिला होता.

“आणि दूधच तर देतोय ना आपण?”

“दुधाने शिसं अडत नाही. पोट भरलेलं असलं की ते थोडं कमी भिनतं, एवढंच. घरी नेलं की तेही नाही.”

येरलिकांनी कपाळ चोळलं. “आठवडाभर करून बघा. लोक ओरडले तर खोकी परत. हे आधीच सांगतो.”

लोक पहिल्याच दिवशी ओरडले. फळीवर पेले भरून ठेवले होते, हात कोणी लावेना.

“आता घोटही मोजणार का, बाई?” ओतारी जुमाबेक म्हणाला. “माझ्या घरी चार चिल्लीपिल्ली दाराशी उभी असतात.”

“हिला पोर नाही, हिला काय कळणार सारकीत,” मागून कोणीतरी बोललं.

कामशातच्या ओठांवर उत्तर आलं होतं. ते सायानचं नाव होतं. तिने ते गिळलं.

तेव्हा बिकेन आपा रांग सोडून नळाशी गेल्या. बाह्या सारल्या, कोपरापर्यंत साबण लावला. मग पेला उचलून डोळे मिटले आणि औषध घ्यावं तसा रिता केला. त्यांना उमासा आला. फळीला धरून त्या रांगेकडे वळल्या.

“माझ्या सायानच्या रक्तात शिसं आहे,” त्या म्हणाल्या. “इथलंच. माझ्या डगल्यातून, माझ्या हातांनी गेलेलं. रोज नेत होते मी, मोठ्या हौसेने. आता ज्याला न्यायचं असेल त्याने न्यावं.”

जुमाबेकने आपल्या तळहातांकडे पाहिलं, मग तो नळाकडे वळला.

पाळी सुटल्यावर दोघी बरोबर निघाल्या. डगला कारखान्यातच राहिला होता, त्यामुळे आपा कुडकुडत होत्या. जिन्याशी आल्यावर त्यांची पावलं अडली.

“दार उघडलं की खोकं आणलंय का म्हणून तो आधी हातांकडे बघतो,” त्या म्हणाल्या.

वर त्यांच्या दाराची कडी वाजली.