कात्री न लागलेलं लुगडं

दुर्गेश्वरीच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली की ती काढायला ब्रह्मदेव आला तरी हात हलवत परत जाईल, असं देवरी गावात तिला ओळखणारे सगळेच म्हणत. बाप उदाराम तर हे रोज म्हणे. या वेळी तिच्या डोक्यात शिरलं होतं लुगडं. नेसायचं नव्हे, नेसवायचं, तेही व्हिडिओ गेममधल्या बाईला.

नागपूरला गेममधल्या पात्रांचे कपडे तयार करणारी एक छोटी कंपनी होती. तिथल्या हर्षा मॅडमनी परीक्षा म्हणून एकच काम दिलं होतं: कोणताही एक पोशाख पात्राला चढवा, सोमवारी सकाळी दाखवा. जमलं तर नोकरी. नाही जमलं तर काय, हे उदारामनं आधीच ठरवून टाकलं होतं.

"त्याहिनं घेतलं त जाय नागपूरले, म्या शब्द देला. नाही घेतलं त ओमेशच्या दुकानात गल्ल्यावर बसाचं. मंग पुन्हा नागपूरचं नाव काढाचं नाही."

भावाच्या दुकानात साबणाच्या वड्या मोजत आयुष्य काढायचं, याला दुर्गेश्वरीची मुळीच तयारी नव्हती. तरी शहाण्या मुलीसारखं एखादं जाकीट करून मोकळी होईल तर ती दुर्गेश्वरी कसली! तिनं आईचं लुगडं घेतलं. जमुनाबाई अजून नऊवारीच नेसे, हिरव्या चौकड्याचं, लाल काठाचं, मागे घट्ट कासोटा मारलेलं. भाताच्या रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकून काम केलं तरी ते जागचं हलत नसे.

आता गेममधल्या कपड्याची गंमत अशी, की तिथं कापड नसतंच. असतो तो नुसता पोकळ साचा आणि त्यावर गुंडाळलेलं एक सपाट चित्र. त्या चित्रालाच टेक्स्चर म्हणतात. चित्र नीट बसावं म्हणून साच्याची कातडी आधी कुठंतरी कापून जमिनीवर पसरावी लागते, संत्र्याची साल पसरावी तशी. कुठं कापायचं, हे करणाऱ्यानं ठरवायचं.

दुर्गेश्वरी घरी ब्लाउज शिवायची. हात सवयीनं चालला. पुढचा भाग, पाठ, दोन्ही बाजू, पायांचे तुकडे, असं तिनं साच्याचं झकास बेतकाम केलं आणि प्रत्येक तुकड्यावर चौकडा रंगवला. चढवून पाहिलं तर कमरेशी काठ तुटलेला, मांडीवर चौकडा ताणून लांबुळका झालेला, आणि कासोटा तर ठिगळं जोडल्यासारखा.

तिनं एकेक सांधा हातानं रंगवून जुळवला. बाई उभी होती तोवर ठीक दिसलं. वाकवली आणि सगळ्या रेषा पुन्हा फाकल्या.

शनिवारी तिनं हर्षा मॅडमना फोन करून अडचण सांगितली. "अहो, सोप्पं करा ना," त्या म्हणाल्या. "गोल साडी करा, नाहीतर जाकीट. त्याचे साचे आमच्याकडे तयार आहेत, पाठवते. वेळ फार कमी आहे."

"नको मॅडम. लुगडंच करते."

फोन ठेवल्यावर मात्र तिनं सोमवारपर्यंतचे उरलेले तास मोजले. आपण हट्टापायी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय, हे तिला दिसत होतं. तरी माघार घ्यायची नव्हती. ती उठली, दोरीवरचं आईचं लुगडं ओढलं आणि अंगणभर पसरलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन्ही कडांचा लाल काठ सरळ गेलेला, मध्ये कुठं जोड नाही, शिवण नाही.

तिनं कपाळावर हात मारला. ज्याला जन्मात कात्री लागत नाही, त्याचे आपण ब्लाउजसारखे तुकडे केले!

आत येऊन तिनं संगणकावरचे सगळे तुकडे पुसले. साधी लांब पट्टी घेतली, तिच्या दोन्ही कडांना काठ दिला, आणि आई नेसते त्याच क्रमानं ती साच्याभोवती फिरवली: कमरेला वळसा, निऱ्या, पायांमधून मागे कासोटा, उरलेला पदर खांद्यावर. काठ आता तुटत नव्हता. पण एवढं लांब लुगडं एकाच चित्रात कोंबल्यावर चौकडा धुरकट दिसू लागला. हा दुसरा फटका. चित्र मोठं करायला कंपनीची मनाई होती.

तिनं पुन्हा अंगणात जाऊन पाहिलं. विणणारा तरी काय करतो? तोच चौकडा पुन्हा पुन्हा! मग तिनं चौकड्याचा एकच चौकोन बारकाईनं रंगवला आणि पट्टीभर फरशीसारखा एकाला एक लावत नेला. काठाचीही छोटी पट्टी तशीच. वाचलेली सगळी जागा पदराला दिली. चौकडा असा ठसठशीत उठला की तिला ओरडावंसं वाटलं. ती ओरडलीही.

"काऊन बोंबलून रायली?" चुलीपाशी बसलेल्या जमुनाबाईनं विचारलं.

"जमलं, माय!"

सोमवारी हर्षा मॅडमनी व्हिडिओ कॉलवर ती बाई पळवली, बसवली, भिंतीवर चढवली, कमरेत वाकवली. काठ कुठंही तुटला नाही.

"शिवण कुठं लपवली तुम्ही?"

"शिवण नाहीच मॅडम. अख्खं लुगडं एकाच पट्टीचं आहे."

मॅडम थोडा वेळ काठावरून माऊस फिरवत राहिल्या. "पुढच्या सोमवारपासून या," त्या म्हणाल्या. "आणि हे असं कसं केलंत, ते आमच्या मुलांना शिकवा."

उदाराम दारात उभा राहून सगळं ऐकत होता. कॉल संपला तरी तो हलेना. दुर्गेश्वरीनं मान वळवली तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता, आणि त्यानं तो लपवलाही नाही.

"खरं सांगू का, पोरी? तुले धाडाचं मह्या मनातच नव्हतं. तुह्यानं होनार नाही असं वाटलं, म्हनून म्या शब्द देला."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसत ती म्हणाली,

"मालूम होतं, बाबा. म्हनूनच जाकीट नाही केलं. जाकिटावर घेतलं असतं त तुमी म्हनले असते, नशिबानं लागलं."

खुंटीवरचा दुपट्टा खांद्यावर टाकून उदाराम नागपूरच्या गाडीची वेळ विचारायला बसस्टँडकडे निघाला.