संदेशची निळी बॅग पुन्हा कोचीला जाते

मी एक बॅग आहे. निळ्या जाड कापडाची, दोन पट्ट्यांची, चाकं नसलेली. माझी चेन अर्ध्यावर अडते आणि एका कोपऱ्याला ठिगळ आहे. रत्नागिरीजवळ भाट्याला शिवलकरांच्या घरी मी असते. माझ्यासारखी बॅग घरोघरी असते आणि तिच्याकडे कोणी वळून बघत नाही. पण मी दोनदा कोचीला जाऊन आले आहे. त्या दोन खेपांचं सांगायचं आहे.

माझा जन्म मुंबईतल्या एका पोटमाळ्यावरचा. तिथे दिवसभर शिलाई मशीनं चालायची. आम्ही शिवून झालो की एकीत एक कोंबून आम्हाला टेम्पोत भरायचे. रत्नागिरीच्या राम आळीत एका दुकानाबाहेर मी बरेच दिवस टांगलेली होते. एका दुपारी एक तरुण जोडपं आलं. तिनं माझ्या पट्ट्या दोन्ही हातांनी ताणून पाहिल्या, चेन दोनतीनदा पुढेमागे केली आणि म्हणाली, "हीच घेऊया. बोटीवर आपटाआपटी फार होते."

ती अक्षया. आणि तो संदेश. त्याला जहाजावर इंजिनाच्या खात्यात काम लागलं होतं. त्याचे वडील, अण्णा, म्हणजे हरिश्चंद्र शिवलकर, स्वतः आयुष्यभर बोटीवर होते. त्यामुळे घरात कोणाला त्याचं जाणं नवीन नव्हतं. अक्षया माझ्यात कामावर घालायचे बॉयलरसूट, लुंग्या, साबण, सोलकढीसाठी कोकमाच्या आगळाची बाटली असं सगळं रचायची. शमिका, त्यांची लेक, तेव्हा लहान होती. ती माझ्यात स्वतः बसून बघायची आणि "मला पण घेऊन जा" म्हणायची.

संदेशबरोबर मी पुष्कळ बंदरं पाहिली. पाहिली म्हणजे काय, केबिनमधल्या खाटेखाली पडून ऐकली. तो चांगला माणूस होता. रागावला की गप्प बसायचा, आनंदात असला की बेसूर गायचा. घरी फोन लावला की पहिलं वाक्य ठरलेलं: "जेवलीस?"

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्याला बोटीवर ताप भरला. डोळे पिवळे झाले. बोट कोचीला लागली तेव्हा त्याला उतरवून इस्पितळात नेलं. मी बरोबर होते. बोट पुढे निघून गेली. त्यानं घरी फोन करून सांगितलं, "कावीळ आहे, घाबरू नको." शमिकाला त्याच वेळी कांजण्या आल्या होत्या, म्हणून अक्षया निघू शकली नाही. अण्णा एकटे निघाले. वाटेत दरड कोसळली आणि गाडी एका बोगद्याअलीकडे अडकून पडली.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारा कोळी होता. त्याची बायको लीलाम्मा त्याच्या उशाशी असायची. तिनं उमेदीची वर्षं मुंबईत आयाचं काम केलं होतं, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलायची. संदेशजवळ कोणी नाही हे बघून ती नवऱ्यासाठी आणलेल्या पेजेतली अर्धी त्याला भरवू लागली. ती तिला कंजी म्हणायची. संदेश म्हणाला, "हमारे यहां पेज बोलते हैं." मग दोघं तिला पेजच म्हणू लागले.

एका पहाटे संदेश गेला. अण्णा पोचले ते ऊन वर आल्यावर. मी खाटेखाली होते, त्यांचे चिखलानं भरलेले पाय मला दिसले. ते पाय बराच वेळ हलले नाहीत.

त्यांनी मुलाला घरी आणलं. मलाही आणलं. सगळं उरकलं, माणसं पांगली, आणि अक्षयानं ओटीवर त्यांना विचारलं, "अण्णा, ते एकटेच होते का हो?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. ते म्हणाले, "नाय गो. मी पोचलो होतो. माझ्या हातात हात होता त्याचा."

हे खरं नव्हतं. ते मला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं आणि तिकडे लीलाम्माला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला न उघडताच उचललं, शिडी लावली आणि माळ्यावर टाकलं. "हिला कोणी हात लावायचा नाय," एवढंच ते बोलले.

माळ्यावर माझ्या बाजूला सुकलेले नारळ होते आणि गणपतीच्या मखराचं सामान. खाली घर चालू होतं. अक्षयानं आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात हिशेबाची नोकरी धरली. शमिका मोठी झाली. अण्णा संध्याकाळी भाट्याच्या समुद्रकाठी पुळणीवर जाऊन बसायचे. इस्पितळातून निघताना अण्णांनी लीलाम्माला घरचा नंबर दिला होता; ओणम आला की तिचा फोन यायचा. अक्षया तिच्याशी मोडक्या हिंदीत बोलायची, "कैसे हो," "लडकी कैसी है," इतकंच. त्या दिवसाबद्दल तिनं कधी विचारलं नाही. तिला वाटे, अण्णांनी सांगितलंच आहे.

यंदाच्या फोनवर लीलाम्मा म्हणाली की नवरा गेला, घर विकलं, आता ती कायमची लेकीकडे कतारला चालली आहे. दिवाळीनंतर. "एक बार आओ," ती म्हणाली.

अक्षयानं फोन ठेवला आणि जेवताना सांगून टाकलं, "आपण कोचीला जाऊन येऊया. शुक्रवारी निघायचं, शनिवार-रविवार तिथे, सोमवारची मी रजा टाकते."

शमिका आनंदानं ताटावरून उठलीच. अण्णांचा घास हातात राहिला.

"कोचीला काय आहे एवढं?" ते म्हणाले. "आपल्यासारखाच समुद्र, आपल्यासारखेच माड. त्यापेक्षा गोकर्णाला जाऊया. जवळ पडेल."

"गोकर्णाला लीलाम्मा नाहीत, अण्णा."

ते हात धुवायला उठले. पण दोन दिवसांनी ऐकते तर सगळ्या बेताचा ताबा त्यांनीच घेतला होता. मला वरून सगळं ऐकू यायचं. शमिका फोनवर फोटो शोधून दाखवायची आणि अण्णा सांगायचे. "हां, हा किल्ल्याकडचा भाग. पोर्तुगीज आले, मग डच आले, मग इंग्रज. सगळ्यांनी आपापली घरं बांधली. आणि ही चिनी जाळी बघ. एवढं मोठं जाळं, पण लाकडाच्या ओंडक्यांवर तोललेलं असतं. चार-पाच माणसं दोर ओढून वर घेतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुझा बाप जन्माला यायचा होता." मग मसाल्याच्या वखारींची गल्ली, मग जुना राजवाडा, मग बोटीतून खाडीची फेरी. शनिवार भरला. रविवारही भरला. अण्णांना इतकं बोलताना मी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. शमिका खूश होती.

अक्षया भाजी निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अण्णा, यात लीलाम्मांकडे कधी जायचं?"

"बघू. वेळ उरला तर."

"आपण त्यांनाच भेटायला चाललोय."

"तसं नाय गो. पोरीला पण काही बघायला मिळायला हवं ना. ती बेटावर राहते, फेरीबोटीनं जावं लागतं, त्यात अर्धा दिवस जातो."

"जाऊ दे अर्धा दिवस," अक्षया म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली. अण्णा उठून बाहेर गेले. आपल्या सासऱ्याला कसली भीती वाटते आहे हे तिला कळत नव्हतं. त्यांना मुलाची आठवण सोसवत नाही, असं तिनं धरलं असावं.

निघायच्या आदल्या रविवारी बॅगेचा प्रश्न आला. घरात दुसरी मोठी बॅग नव्हती. अक्षयानं शिडी लावली.

"ती नको," अण्णा खालून म्हणाले. "नवीन आणू. चाकांची."

"हीच नेऊया."

"अक्षया, ती नको म्हणतो ना!"

त्यांचा आवाज चढला तशी शमिका खोलीतून धावत आली. अक्षया शिडीवर तशीच उभी राहिली. मग हळू म्हणाली, "अण्णा, ती मी घेतलेली आहे. त्यांच्यासाठी. मला उघडू दे."

अण्णा घरापुढच्या खळ्यात निघून गेले.

मला खाली ठेवून अक्षयानं चेन ओढली. चेन गंजली होती, तिनं खोबरेल लावून ती सोडवली. आत बॉयलरसूट होता, दोन लुंग्या, दाढीचं सामान, एक वापरून झिजलेली साबणवडी आणि शमिकासाठी घेतलेली केळ्याच्या वेफर्सची पुडी, पार काळी पडलेली. बाकी काही नव्हतं. कसला निरोप नाही, खूण नाही. कामावरच्या माणसाचं सामान. अक्षया एकेक वस्तू जमिनीवर मांडत गेली. शमिकानं पुडी उचलली आणि टाकून न देता हातातच धरून बसली.

मग दोघींनी कपडे विहिरीवर नेले. बॉयलरसूट तीनदा धुतला तरी पाण्याला काळपट रंग येत होता. अण्णा खळ्यातून बघत होते. थोड्या वेळानं ते उठले, आणि पिळून ठेवलेला बॉयलरसूट झटकून दोरीवर घातला. मला त्यांनीच उलटं करून उन्हात ठेवलं.

शुक्रवारी आम्ही निघालो. गाडीत मी बाकाखाली होते. अण्णांना झोप नव्हती, त्यांच्या चपला सारख्या पुढेमागे होत होत्या.

शनिवारी अण्णांनी त्या दिवसाचं ठरवलेलं सगळं दाखवलं. चिनी जाळ्यांपाशी त्यांनी तिथल्या माणसांना विचारून शमिकाला दोर ओढायला लावला. जाळं पाण्यातून वर आलं, पाणी गळून गेलं, आणि तळाशी मूठभर मासळी उरली. शमिका म्हणाली, "एवढंच?" तो जाळीवाला हसला. अण्णाही हसले. अक्षयानं त्यांचा फोटो काढला. ते इतके मोकळे दिसत होते की तिला बरं वाटलं.

रविवारी सकाळी लॉज सोडून, मला खांद्याला लावून, तिघं फेरीबोटीत चढली. पलीकडच्या बेटावर उतरल्यापासून अण्णा मागे मागे राहू लागले. लीलाम्माचं घर खाडीला लागून होतं. कौलारू, ठेंगणं, अर्धं रिकामं झालेलं. ती दारातच होती. तिनं अक्षयाला पाहिलं आणि दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला. अण्णा पायरीवरच बसले. "मी हयसरच बरा आहे," ते म्हणाले. शमिका काठावरच्या होड्या बघायला गेली.

अक्षया मला घेऊन स्वयंपाकघरात गेली. माझ्यात लीलाम्मासाठी आंबापोळी, कोकमं आणि कुळथाचं पीठ होतं. ती एकेक काढून देत होती. चुलीवर पेज शिजत होती. लीलाम्मा पळीनं ढवळत म्हणाली, "तेरा ससुर उस दिन बहुत रोया. बेटा अंधेरे में गया, वो सुबह आया. गाडी लेट. ऐसा बैठा रहा, बैठा रहा."

अक्षयाचा हात माझ्या आतच थांबला. तिची बोटं माझ्या अस्तराला घट्ट धरून होती.

तिनं विचारलं, "तब उनके पास कौन था?"

"मैं," लीलाम्मा म्हणाली. "पानी मांगा. मैंने दिया. बोला, बस. फिर सो गया." तिनं पळी खाली ठेवली. "मैं बैठी थी. पूरा टाइम."

अक्षया तिच्याजवळ गेली आणि वाकून तिच्या पाया पडली. लीलाम्मा "अय्यो, नहीं नहीं" करत राहिली. मग दोघी थोडा वेळ चुलीपाशी बसून रडल्या. पेज उतू गेली तेव्हा उठल्या.

अण्णांना पाणी द्यायचं होतं आणि बाटली माझ्या कप्प्यात होती, म्हणून अक्षया मला घेऊनच बाहेर आली. अण्णा पायरीवर होते. त्यांनी मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. ते एकदम फार म्हातारे दिसले.

"बोलली ती?" त्यांनी विचारलं.

"हो. गप्पा झाल्या."

"काय म्हणाली?"

अक्षया त्यांच्या शेजारी बसली. समोर खाडीचं पाणी उन्हात चमकत होतं. "म्हणाली, अण्णा लांबून आलेत, त्यांना आधी वाढूया."

अण्णांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिनं बोलू दिलं नाही. सून म्हणून घरात आल्यापासून तिनं त्यांच्या अंगाला कधी हात लावला नव्हता. आता त्यांचा दंड धरून तिनं त्यांना उठवलं. "चला अण्णा. गरम आहे तोवर."

आत सगळे जमिनीवर बसले. लीलाम्मानं वाढलं. अण्णांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." लीलाम्मा हसली आणि म्हणाली, "तेरा बेटा भी यही बोला." अण्णांनी वाटी खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत, शमिकादेखत, मोठ्यानं रडले. कोणी त्यांना थांबवलं नाही.

परतीच्या गाडीत शमिकानं विचारलं, "आई, बाबांच्या जवळ शेवटी आजोबाच होते ना?"

अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले.

अक्षया म्हणाली, "तिथे माणसं होती, शमा. बाबा एकटे नव्हते."

शमिकाचं तेवढ्यानं समाधान झालं. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. अण्णाही झोपले, आणि रत्नागिरी येईपर्यंत जागे झाले नाहीत.

लीलाम्मा आता कतारला आहे. शमिका बारावीनंतर बाहेर शिकायला जाईल. तिच्यासाठी चाकांची नवी बॅग आली आहे. माझी चेन आता दुरुस्त होण्यापलीकडे गेली. अक्षया मला टाकत नाही, पण भरतही नाही. मी अण्णांच्या पलंगाखाली उघडी पडलेली असते. माझी तक्रार नाही.

एकच मागणं आहे. तुमच्याही माळ्यावर एखादी बॅग असेल, गेलेल्या माणसाची. उघडली तर त्याचा वास जाईल, म्हणून बंद ठेवली असेल. तिला खाली काढा. बंद बॅगेत माणसाचा वास राहत नाही, नुसता कुबटपणा राहतो. आतले कपडे धुवा, दोरीवर घाला, वारा लागू द्या.