डाव्या बाजूची ज्योत

सामन्याच्या दिवशी अर्णवला ओवाळल्याशिवाय मी घराबाहेर सोडत नसे. तो माझ्या धाकट्या बहिणीचा, वीणाचा मुलगा. ती इंग्लंडात, बेसिंगस्टोकला डॉक्टर; तो तिथेच वाढलेला, मराठी मोडकंतोडकं. हा एडिनबरात अमेरिकन फुटबॉल खेळायचा, पगारी, आणि त्याच्या खाण्यापिण्याचं बघायला मी त्याच्या फ्लॅटवर राहत होते.

तिथल्या मराठी मंडळात कुणी विचारायचं, "रग्बी का हो, अलकाताई?"

"नाही. आमचा अर्णव उलटा पळतो," मी सांगायची.

त्याचं काम तेच होतं. समोरचा गडी चेंडू झेलायला धावत सुटणार, आणि ह्यानं त्याच्याकडे तोंड ठेवून मागे मागे पळत त्याला अडवायचं.

"डोळे फसवतात, मावशी. खांदे पण. कमर नाय फसवत. कमरकडे बघायचा."

दोन हजार तीनचा वसंत होता. त्या शनिवारच्या सराव सामन्यानंतर कोच ठरवणार होता, कुणाला ठेवायचं आणि कुणाला घरी पाठवायचं. अर्णवची तिशी जवळ आली होती. गेला मोसम त्याचा बहुतेक बाकावरच गेला होता. ह्या वेळी वगळला तर पुन्हा बोलावणं नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

लहानपणापासून त्याची एक खोड होती. ओवाळताना तो निरांजनाच्या ज्योतीमागे डोळे फिरवायचा, मांजरासारखा. त्या दिवशी ज्योत त्याच्या उजवीकडे गेली, डोळे गेले. डावीकडे गेली आणि डोळे मध्येच थांबले. ज्योत वर आली तेव्हा पुन्हा सापडली त्यांना. मी आणखी एकदा ओवाळलं. तसंच झालं.

"अर्णव, ज्योत कुठाय?"

"तुझ्या हातात."

"कुठल्या बाजूला?"

त्यानं दह्यासाठी तळहात पुढे केला. "मावशी, लेट होतोय."

मी तळहातावर दही-साखर ठेवली, पण हात सोडला नाही.

"गुरुवारी डोक्याला लागला," तो हळूच म्हणाला. "डाव्या डोळ्यात आधी चमकत होता. आता कोपऱ्यात पडद्यासारखा आहे. मॅच झाली की दाखवतो. प्रॉमिस."

"आईला सांगितलंस?"

"ती डॉक्टर आहे. ती खेळू देईल का?"

"आणि मी अडाणी, म्हणून माझ्यापुढे चालतं?"

"तू ओवाळतेस. ती ओरडते." तो हसला, पण अर्धवटच. बॅग खांद्याला लावून निघाला.

निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये. जन्मभर पाळलं मी ते. दारात उभी राहिले. खालच्या मजल्यावर डाव्या हाताला शेजाऱ्याची सायकल असते, आम्ही राहायला आल्यापासून तिथेच. अर्णव तिच्यावर धाडकन आदळला.

"अर्णव!"

मी कठड्यावरून वाकले. तो गुडघा चोळत उभा होता.

"मागून हाक, मावशी? आज?"

"आज. वर ये."

"वर आलो तर संपला माझा."

"आणि मैदानात डावीकडून कुणी आला तर? त्याला कुठून बघणार?"

मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलंच नाही. कमरेकडे बघत राहिले. कमर रस्त्याच्या दाराकडे होती. कितीतरी वेळ तशीच होती. मग सावकाश जिन्याकडे वळली.

कोचला त्यानंच फोन केला. वीणाला मी केला. ती ओरडली नाही, त्यानं मला जास्तच भीती वाटली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी त्याचा उजवा डोळा झाकून बारीक दिवा डावीकडून आणला आणि दिसला की सांग म्हणाल्या. दिवा पार नाकासमोर येईपर्यंत अर्णव गप्प होता. डोळ्यातला पडदा सुटलाय, आजच ऑपरेशन करायला हवं, त्या म्हणाल्या. दृष्टी किती परत येईल, ते आत्ता सांगता येत नव्हतं.

"मॅच चालू झाली असेल," तो म्हणाला.

"असेल."

मी त्याच्या डावीकडे बसले होते. मी आहे ना हे बघायला त्याला अख्खी मान वळवावी लागली. मी उठले आणि खुर्ची उजवीकडे नेली.