वेलांटीला आधार

वॉर्डातली तीसही औषधं एका स्क्रीनवर दिसली नाहीत, तर आपली जुनी वहीच बरी, असं मोठ्या सिस्टरांनी औषधांचा तक्ता संगणकावर बनवणाऱ्या आपल्या प्रोग्रामर भाचीला बजावलं होतं. प्रत्येक औषधाला एक रकाना; जागा वाचावी म्हणून भाचीने रकान्यांच्या नावांत अक्षराखाली अक्षर लावलं, तर काने, वेलांट्या सुटून एकट्याच लोंबू लागल्या.

“अगं बाई, ‘झोपेची गोळी’ची ही काय दशा केलीस!”

“थांब गं मावशी.” अक्षरं फोडायचीच कशाला? भाचीने अख्खं नावच नव्वद अंशांनी फिरवून उभं केलं. तीसच्या तीस रकाने मावले! साऱ्या नर्स माना कलवून, डोलत वाचू लागल्या.

“मान दुखेल हं,” भाची कचरत म्हणाली.

“दुखू दे की! उद्यापासून हेच,” म्हणत मावशीने कान खांद्याला टेकवला आणि तीसही नावं एका दमात खणखणीत वाचली.