साडेचौतीस तासांची एकादशी

मुंबईहून लेकीचं न्यूयॉर्क किती लांब, हे वेणूबाईंनी पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलं. साडेबारा हजार किलोमीटर, तेही सरळ गेलं तर. विमान मधे लंडनला थांबणार, म्हणजे एकवीस तास धरायचे. धारवाडच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईंना एवढं काही अवघड नव्हतं. घोडं अडलं होतं ते निराळ्याच ठिकाणी. विमान नेमकं एकादशीला पहाटे सुटत होतं.

आणि वेणूबाईंची एकादशी म्हणजे साबुदाण्याची चैन नव्हे. द्वादशीचा सूर्य उगवेपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. त्रेचाळीस वर्षांत एकही चुकली नव्हती.

थोरले भाऊ जयतीर्थअण्णा, जन्मभर वकिली केलेले, हे बरोबर हेरून गावाबाहेरच्या केलगेरीहून पंचांग काखोटीला मारूनच आले.

"बेड वेणू, बेड. नको जाऊस. पश्चिमेला जातीस तू, सूर्य तुझ्या मागनं येणार. तिकडं द्वादशी उजाडेपर्यंत एकादशी किती तासांची होते, तूच सांग की."

"साडेचौतीस."

"आणि शुगर आहे तुला! पुढच्या तिकिटानं जा."

"ते अकरा दिवसांनी आहे, अण्णा. मथुराचे दिवस आठवड्यात भरतात."

अण्णा हसले. बहीण एकादशी मोडायची नाही, म्हणजे जायचीही नाही. खटला जिंकल्याच्या थाटात ते घरी गेले.

वेणूबाई मात्र मागच्या वर्षात अडकल्या होत्या. मथुराचं पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हा फोनवर लेक एवढंच म्हणाली होती, "आई, तू असतीस तर..." आणि यांनी काय सांगितलं? "फार लांब आहे गं." त्या उत्तराची त्यांना अजून लाज वाटत होती. त्या फोननंतर आठ दिवसांत त्यांनी पासपोर्टचा अर्ज भरला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा पुन्हा आले, तर ट्रंक दाराशी आणि वेणूबाई तव्यापाशी. संध्याकाळी हुबळीहून मुंबईची बस होती.

"हे धपाटे बसमध्ये खायला काय?"

"बसचं वेगळं बांधलंय. हे विमानातलं."

"परवा एकादशी आहे, वेणू."

"माहीत आहे. साडेचौतीस तास कोरडी राहून उतरले तर मलाच कुणीतरी धरावं लागेल. तिला आई हवीय अण्णा, आणखी एक रोगी नको."

"त्रेचाळीस वर्षांचं व्रत!"

"हो. फार वाईट वाटतंय." त्यांचे डोळे भरून आले. पण हात थांबला नाही, धपाटा उलटला गेला.

अण्णांनी पंचांग उघडलं, दोन पानं चाळली, मिटलं. डब्यात डोकावून पाहिलं.

"एकवीस तासांचा प्रवास," ते घसा खाकरून म्हणाले, "आणि चारच? आणखी चार लाव."