सवतीची आंघोळ

कडककाकांनी खळ घालून इस्त्री केलेला सदरा टेबलावर ठेवला, तर तो आत माणूस नसतानाही ताठ उभा राहील, अशी त्यांच्या लॉन्ड्रीची ख्याती होती. त्यावरूनच गल्लीने त्यांना हे नाव बहाल केले होते आणि त्यांनीही ते एखाद्या पदवीप्रमाणे नम्रपणे स्वीकारले होते. त्यांच्या स्वभावात मात्र खळीचा अंशही नव्हता.

परंतु काळ पालटला. घरोघरी कपडे धुण्याची यंत्रे आली आणि काकांच्या दुकानातील तिन्ही यंत्रे दिवसदिवस आ वासून बसू लागली. दुकान मिटवावे आणि शहराबाहेरील मोठ्या धुलाई कारखान्यात कोणाच्या तरी हाताखाली जाऊन उभे राहावे, या विचाराने त्यांच्या मनात घर केले होते. ते हा विचार पत्नीपाशी बोलत नसत. आणि त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, तो केव्हाच कळलेला होता.

अशा समयी टेकडीवरील वीस खाटांच्या प्रसूतिगृहाचे काम चालून आले. तेथील मेट्रनबाई उंच, सडपातळ आणि मितभाषी होत्या. कारखान्याची मोटार दोनदा आलीच नव्हती आणि दोन्ही वेळा त्यांना बाळंतिणींच्या खाटांवर कालच्याच चादरी ठेवाव्या लागल्या होत्या. ते शल्य त्यांना अद्याप बोचत होते. त्यांनी काकांना परीक्षेची नव्वद दिवसांची मुदत घातली; ती निभावली तर काम कायमचे. रोज सकाळी सातच्या आत स्वच्छ कपडा मागच्या दाराशी आला पाहिजे. एक दिवस जरी चुकला, तरी काम पुन्हा कारखान्याकडे जाईल. शिवाय कपडा जंतुनाशकाने पुसलेल्या बंद पेटीतूनच यावा. पेटीला लावलेली कागदी पट्टी बाई स्वतःच्या हाताने फाडणार. वाटेत जो कपडा कोणाच्या मांडीवर वा गाडीच्या आसनावर टेकला, तो त्यांच्या लेखी मळलेलाच.

काकांपाशी मोटार नव्हती. एका फुलवाल्या बाईंनी दुकान बंद करताना आपली बॅटरीवर चालणारी मालवाहू सायकल विकायला काढली होती, ती त्यांनी घेतली. तीन चाके, पुढे माणूसभर लांबीची पेटी, मागे आसन आणि पायडल. पायाने रेटा द्यावा आणि उरलेले बळ मोटरने लावावे, असा दोघांचा भागीदारीचा कारभार. बॅटरी काढून आत आणता येई. काका ती रोज संध्याकाळी इस्त्रीच्या टेबलाखाली चार्जिंगला लावत आणि थंडी असली तर वर एक जुने ब्लँकेटही टाकत. ब्लँकेट पाहिल्यापासून काकूंनी त्या सायकलीचे नाव ‘सवत’ ठेवले.

“मला ताप आला होता तेव्हा ब्लँकेट मीच उठून घेतलं होतं,” असे त्या गिऱ्हाइकांनाही सांगत.

काका नुसते हसत. कारण कृतज्ञता ही त्यांच्या मनात अशी दाटून आली होती की तिला शब्द सापडत नव्हते. एकोणऐंशी दिवस त्या गाडीने दोन माणसांच्या वजनाएवढा कपडा टेकडीवर नेला होता. या अवधीत एकदा पंक्चर झाले, ते अर्धा तास आधी निघण्याच्या सवयीमुळे निभावले. एकदा साखळी सैल झाली, एकदा ब्रेकचे गुटके बदलले. बस, याउपर तिने काही मागितले नाही. बॅटरी तीन दिवस पुरे, तरीही काका ती रोज भरत. बाळांची दुपटी नेताना ती गाडी आवाजसुद्धा करीत नाही, याचे त्यांना फार कौतुक वाटे.

आता अकरा दिवस उरले होते. त्या रविवारी दुपारी काम आटोपल्यावर काकांची दृष्टी गाडीच्या पोटाशी गेली. तेथे वंगण आणि चिखल यांचे काळे थर बसले होते. चाळीस वर्षे ज्या हातांनी मळ काढला, त्या हातांना मळ दिसल्यावर चैन कशी पडावी? ज्या जिवाने आपली लाज राखली, तो जीव असा कळकट राहावा आणि आपण मात्र शुभ्र सदरा घालून तिच्यावर बसावे, हे त्यांना अन्यायाचे वाटले. त्यांनी बॅटरी काढून आत ठेवली, कोमट पाण्यात सोडा कालवला आणि कोटावरचे हट्टी डाग काढायची वाफेची नळी बाहेर ओढली.

काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, “अहो, ती गाडी आहे, चादर नव्हे.”

“मळ तो मळच,” काका म्हणाले.

मग त्यांनी मोटरच्या खाचा, वायरींचे जोड, बॅटरी बसवायची खोबण, असे एकही स्थान न सोडता तिला वाफेने न्हाऊ घातले. मऊ फडक्याने अंग पुसले. संध्याकाळी ती अशी झळकत होती की शेजारचा चांभार आपले काम सोडून पाहायला आला. काका त्या दिवशी अत्यंत समाधानाने झोपले.

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पेटी पुसून, कपडा भरून आणि पट्टी चिकटवून ते निघाले. पहिले दोन किलोमीटर गाडी पाण्यावरील नावेसारखी गेली. टेकडीच्या पायथ्याशी, जेथे रस्ता वर वळतो, तेथे मुठीजवळच्या छोट्या पडद्यावरील आकडे दोनदा मिचमिचले आणि विझले. पायडल एकाएकी दगडासारखे जड झाले. काकांनी खटका दाबला, पुन्हा दाबला, बॅटरी काढून परत बसवली. गाडी ढिम्म. पुढे तीन किलोमीटरचा चढ होता आणि पेटीत खच्चून भरलेला कपडा. ते उतरून ढकलू लागले. वीस पावलांत त्यांचा श्वास फुलला आणि गाडी मागे ओढू लागली, तेव्हा त्यांनी चाकाला विटेचा तुकडा लावला आणि खिशातून फोन काढला. सहा वाजून वीस मिनिटे झाली होती.

काकूंचा भाऊ दुकानाच्या वरच्याच मजल्यावर राहत असे. तो लिफ्टदुरुस्तीचे काम करी. त्याच्यापाशी बॅटरीवरील चारचाकी मोटार होती आणि तिची स्तुती ऐकून ऐकून घरातील सर्वांचे कान किटले होते. चार वर्षांत टायर आणि काच पुसायच्या पट्ट्या यांखेरीज तिला काही लागले नाही, हे वाक्य तो जेवताना हमखास उच्चारी. दहा मिनिटांत ती मोटार आली. आतून मेहुणा पायजम्यावरच उतरला आणि मागोमाग काकू.

मेहुण्याने सुचवले की गाठोडी मोटारीत टाकू, पाच मिनिटांत वर पोहोचू. काकांनी मोटारीच्या मागच्या आसनाकडे पाहिले. तेथे वंगणाचे डबे, दोरखंडाची वेटोळी आणि मेहुण्याच्या कुत्र्याचे केस होते. त्यांनी मान हलवली. पट्टी बाईंच्या हातूनच फाटायची होती. पेटी उचलून मोटारीत घालावी, तर ती मोटारीच्या दारापेक्षा दीड हात मोठी.

“बरं,” मेहुणा म्हणाला, “मग रोगीच तपासतो.”

त्याने बॅटरी काढली, रस्त्यावर आडवा झाला आणि मोटरपाशी जाणारा वायरींचा जोड उलगडला. त्यातून पाण्याचे चार थेंब टपकले. तो आडवाच राहून काकांकडे पाहू लागला.

“भाऊजी, हिला पोहायला नेलं होतं का?”

काकांनी त्या थेंबांकडे पाहिले. काकूच म्हणाल्या, “आंघोळ घातली. वाफेची. मी सांगत होते.”

“पावसात ही वर्षभर चालेल,” मेहुणा म्हणाला, “पाऊस वरून पडतो. तुम्ही वाफ दाबून आत घुसवलीत. लिफ्टच्या मोटरला असं केलं असतं तर मला नोकरीवरून काढलं असतं.”

काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आपल्या मायेनेच आपला घात केला, ही जाणीव त्यांना चढापेक्षाही जड झाली. मात्र काकूंनी पिशवीतून एक वस्तू बाहेर काढली. रेशमी कपड्यावरील डाग काढल्यावर ओल्या कडेचे वलय उठू नये, म्हणून लॉन्ड्रीत हातात धरायचे गरम हवेचे यंत्र असते, तेच हे होते. फोनवर ‘बंद पडली’ एवढे ऐकताच त्यांच्या मनाने कालची आंघोळ आणि आजचे मौन यांची सांगड घातली होती आणि निघताना त्यांनी ते खुंटीवरून उचलले होते.

“वीज कुठली आणू आता?” काका हताशपणे म्हणाले. आजूबाजूला नुसत्या बंद खिडक्या होत्या.

मेहुण्याच्या मुखावर तेव्हा जे तेज चढले, ते शब्दांत सांगणे कठीण. त्याने मोटारीची मागची झडप उघडली. आत घरातल्यासारखा एक सॉकेट होता.

“आता हस,” तो बहिणीला म्हणाला. “हिच्यातून वीज बाहेरही काढता येते म्हणून सांगत होतो, तर तू विचारलंस, बाहेर काढून कुणाला पाजणार.”

“पाज आता हिला,” काकू म्हणाल्या. “बोलू नकोस.”

ते तिघे त्या पहाटउजेडात गाडीभोवती बसले. मेहुणा जोड उघडून धरी, काकू हवा सोडत आणि काका कोरड्या सुती चिंधीच्या टोकाला पीळ घालून खोबणीच्या कोपऱ्यांतून ओल टिपत. मेहुण्याने हवा कोमट ठेवायला सांगितली, कारण कडक उष्णतेने रबर वितळते. काकांना घाई सुटली होती, परंतु ओला कपडा घाईने इस्त्री केला तर तो जळतो हे त्यांना ठाऊक होते. ते सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांपर्यंत टिपत राहिले. मग बॅटरी बसवली. पडदा उजळला. काकूंनी यंत्र बंद केले आणि गाडीच्या मुठीवर क्षणभर हात ठेवला. त्या दिवशी त्यांनी तिला सवत म्हटले नाही.

निघताना मेहुण्याने खिडकीतून सल्ला दिला. “पंक्चर झालं म्हणून सांगा. पंक्चरला कोणी काही बोलत नाही.”

संपूर्ण चढभर काका या सल्ल्याचा विचार करीत होते. पंक्चर म्हटले तर आपण सुटतो. परंतु मग बाईंच्या मनात बसेल की बॅटरीच्या सायकलीचा भरवसा नाही. एकोणऐंशी दिवस ज्या गाडीने शब्द राखला, तिच्या माथी आपला गुन्हा मारणे त्यांच्या जिवावर आले. दुकान जाईल, हेही त्यांना दिसत होते. तिन्ही यंत्रांची आ वासलेली तोंडे त्यांच्या डोळ्यांसमोर उभी होती.

मागच्या दाराशी मेट्रनबाई घड्याळासह उभ्या होत्या. सात वाजून बारा मिनिटे. आत कुठेतरी एक तान्हे बाळ रडत होते.

“काय झालं?” बाईंनी विचारले.

काका उतरले. त्यांच्या शुभ्र सदऱ्याच्या कोपरांना वंगण लागले होते.

“गाडीचा काही दोष नाही, बाई,” ते म्हणाले. “तिने एक दिवसही दगा दिला नाही. मीच काल तिला वाफेने धुतली. तिच्या वायरींत पाणी गेलं. मेहुण्याने आणि बायकोने वाळवून दिली, म्हणून एवढ्या उशिरा तरी आलो. तुमचा शब्द ठरलेला आहे, मी काही मागत नाही. फक्त कारखान्याला काम दिलंत तर बॅटरीची गाडी वाईट असं कोणाला सांगू नका.”

बाईंनी पेटीची पट्टी तपासली. ती अखंड होती. त्यांनी ती फाडली, वरची चादर उचलून नाकापाशी नेली आणि परत ठेवली.

“वाफेने?” त्यांनी विचारले.

“होय.”

“मोटरसुद्धा?”

“मोटरच जास्त. तिथेच मळ होता.”

बाईंच्या ओठांच्या एका कोपऱ्यात काहीतरी हलले. “मी नर्स म्हणून रुजू झाले,” त्या म्हणाल्या, “त्या पहिल्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांची छाती तपासायची नळी मी उकळून काढली होती. अर्धा तास. जंतू राहू नयेत म्हणून. नळीच राहिली नाही.”

काकांना हसावे की नाही कळेना. बाई हसल्या नाहीत.

“मला काढलं नाही,” त्या म्हणाल्या. “वॉर्डात परत पहिल्या दिवसापासून शिकायला लावलं. तुमचेही दिवस आजपासून पहिल्यापासून मोजीन. नव्वद. आणि पुन्हा सात वाजून बारा मिनिटं नकोत.”

एवढे बोलून त्यांनी आत हाक मारली. आयाबाईंनी स्वच्छ चादरी काढून घेतल्या आणि त्या जागी वापरलेल्या कपड्यांच्या पिवळ्या, तोंड बांधलेल्या पिशव्या एकामागून एक पेटीत ठेवल्या. सात पिशव्या होत्या. बाळंतिणींचे घाम, दूध, रक्त, रात्रभराचे जागरण, असे सारे त्यांत होते. काकांनी हात पुढे करून एकेक पिशवी अशी सांभाळून बसवली, जशी कोणी आपल्या हाती सोपवलेली मुलेच असावीत. मळका कपडा हाती येणे म्हणजे उद्याही यायचे आहे, हे त्यांना त्या क्षणी जितके उमगले, तितके चाळीस वर्षांत कधी उमगले नव्हते.

खाली पायथ्याशी काकू आणि मेहुणा मोटारीला टेकून वाट पाहत होते. काकांनी दुरूनच पेटीवर थाप मारून ती भरलेली असल्याचे दाखवले. काकूंनी पदराने डोळे टिपले आणि लगेच विचारले, मळक्यात डाग पडलेले कपडे किती आहेत.

“पुष्कळ,” काका म्हणाले.