अंगणापलीकडची खोली

सकाळपासून वेरिका चौथ्यांदा अंगण ओलांडत होती. चुलीवर कार्प मासा भाजत होता, साखर आणि अक्रोड घातलेले उकडलेले गहू ताटात सजले होते. अंगणापलीकडे, फक्त उन्हाळ्यात वापरायच्या स्वयंपाकखोलीत, तिची सहा वर्षांची दुन्या आजोबांबरोबर बसली होती. खिडकीला जाड गोधडी लावली होती.

आज घराण्याच्या संताचा सण, स्लावा. या दिवशी आम्ही कुणाला आमंत्रण देत नाही आणि आलेल्याला परत पाठवत नाही. म्हणून जे लपवायचं ते सकाळीच लपवावं लागतं.

दुन्या बोलत नसे. आवाज वाढला की कान दाबून धरी, अनोळखी माणूस दिसला की टेबलाखाली शिरे. गेल्या गुरुवारी शहरातून यास्मिंकाबाई आल्या होत्या. अशा मुलांना शिकवणं हेच त्यांचं काम. त्यांनी दुन्याला तासभर पाहिलं. "हिला समजतं. पण शिकवलंय कुणी? सोमवारी तपासणीला आणा. आईवडील दोघांची सही हवी."

वेरिकाने सही केली होती. नवऱ्याची, मिलोरादची, राहिली होती.

"आज तो विषय नको," सासू देसांका म्हणाली. "झ्लाताला बघायला माणसं यायचीत. माझ्या पोरीचं लग्न होऊ दे, मग न्या दुन्याला चंद्रावर."

"गेल्या वर्षी ‘मिलोरादची निवडणूक होऊ दे, मग बघू’ म्हणाला होतात, आई."

"मग? तीन मतांनी पडला. दुन्याचं कळलं असतं तर तीस मतांनी पडला असता!"

दुपारी घर भरलं. झ्लातासाठी पाहिलेल्या मुलाला घेऊन त्याची आई स्तानोयका केसाळ कॉलरचा कोट घालून आली. तिने छातीवर क्रॉसची खूण केली, चमचाभर गहू तोंडात टाकले. तिच्यामागून यास्मिंकाबाई आत आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, त्यामुळे कुणी अडवूही शकत नव्हतं.

"या, या," देसांका दात आवळून म्हणाली.

मेणबत्ती लागली. सणाची भाकर सगळ्यांनी धरून तीनदा फिरवायची आणि मग मोडायची. "घरचे आधी," मिलोराद म्हणाला. त्याने, देसांकाने आणि झ्लाताने हात लावले. वेरिकाचे हात एप्रनमध्येच राहिले.

"वेरिका, हात लाव ना."

"घरचे सगळे आलेले नाहीत."

"सासरेबुवा झोपलेत गं," देसांका घाईने म्हणाली.

"मी त्यांच्याबद्दल बोलत नाहीये."

झ्लाता मान हलवून नको नको म्हणत होती. वेरिकाने ते पाहिलं. हे लग्न मोडलं तर आयुष्यभर वेरिकाचंच नाव निघणार होतं. तरी ती अंगणात गेली आणि दुन्याला कडेवर घेऊन आली.

"हळू बोला," यास्मिंकाबाई म्हणाल्या. "आणि तिच्याकडे बघू नका."

अठरा माणसं राजम्याच्या भांड्याकडे बघू लागली.

दुन्याने कान दाबले. मग एक हात सुटला आणि भाकरीच्या कडेवर टेकला. भाकर फिरली. एक, दोन, तीन. सगळे थांबले. दुन्या थांबली नाही. चार, पाच, सहा.

"बास गं बाई, संताला चक्कर येईल!" दारातून आजोबा म्हणाले. कुणीतरी हसलं.

स्तानोयकाने कोट चढवला. "आमची गाय आजारी आहे," ती म्हणाली आणि मासा वाढण्याआधीच निघाली. मुलगा तिच्यामागे गेला. त्याने एकदाच वळून पाहिलं. झ्लाता आत गेली, दार आपटलं.

"झालं समाधान?" देसांकाने विचारलं.

"नाही." वेरिकाने कपाटावरचा तपासणीचा कागद मिलोरादसमोर ठेवला.

"आत्ता?"

"आत्ताच. सगळे आहेत तोवर."

त्याने आईकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे. दुन्या अजून भाकर फिरवत होती. त्याने तिच्या हातावर हात ठेवला, तर तिने तो झटकला. मिलोरादने सही केली. अक्षर वाकडं आलं.

यास्मिंकाबाई फाटकाशी पोचल्या तेव्हा शेजारची बोरका धापा टाकत मागून आली. हातात झाकलेली ताटली, देण्यासाठी नव्हे, निमित्तासाठी.

"बाई, सोमवारी अजून एकाला आणलं तर चालेल? माझा नातू. नऊ वर्षांचा झालाय."

"नऊ? तीन वर्षं मी तुमच्या दारावरून जातेय, बोरका."

"तुम्ही जायची वेळ आम्हाला ठाऊक असते," बोरका खाली बघत म्हणाली.

गल्लीच्या टोकापर्यंत आणखी दोन फाटकं उघडली. तिन्ही मुलांची नावं यास्मिंकाबाईंनी थंडीत उभ्यानेच लिहून घेतली.

आमच्या गल्लीत सतरा घरं आहेत. गावात अशा नऊ गल्ल्या आहेत.